पैनगंगेकाठचे हिमनदीचे अंथरूण

मुनिरक्याला लागूनच जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे. अरवलीची रांग दिल्लीत येऊन संपते, तिचे खडक या आवारात जागोजाग उघडे पडलेले दिसतात. गेल्या हिवाळ्यात रविवारच्या फेरफटक्यात अशा एका खडकावर मला समांतर ओरखडे दिसले. पृष्ठभाग घोटून काढल्यासारखा गुळगुळीत आणि त्यावर कोणी खिळ्यांची फणी ओढावी तशा रेषा. त्याच सुमारास हिमनद्यांविषयी थोडेफार वाचन झाले होते. तेव्हा येथून कधीकाळी हिमनदी गेली असली पाहिजे, असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो. सुदैवाने तो छापण्यापूर्वी भूविज्ञानाच्या एका अभ्यासू गृहस्थांना सांगितला. ते हसले. खडक भंगून त्याचे दोन भाग एकमेकांवर सरकले की घर्षणाने असेच चकाकते पृष्ठ आणि अशाच रेषा उमटतात, बर्फाचा त्यांच्याशी काही संबंध नसतो, असे त्यांनी समजावून दिले. मी नागपूरकडचा, हे त्यांना ठाऊक होते. निघता निघता म्हणाले, "हिमनदीचा खरा मार्ग पाहावयाचा असेल तर दिल्लीत कशाला शोधता? तुमच्या चांद्याला जा."

चांद्याचा उन्हाळा ज्याने एकदा अनुभवला आहे त्याला हे वाक्य थट्टेचे वाटेल. मलाही वाटले. परंतु ते अक्षरशः खरे आहे. ते खरे आहे हे माणसाला कसे कळले, ही हकीकत मोठी रंजक आहे. ती सांगण्यापूर्वी हिमनदी चालते कशी, याविषयी थोडे बोलणे भाग आहे.

हिमनदी चालते, हे आल्प्समधील शेतकऱ्यांना विद्वानांच्या फार आधीपासून माहीत होते. १८२७ साली हुगी नावाच्या स्विस अभ्यासकाने उंटरआर हिमनदीवर एक झोपडी बांधली. चौदा वर्षांनी ती मूळ जागेपासून सुमारे १,४०० मीटर खाली सरकलेली आढळली. ती का सरकली, यावर मात्र एकमत नव्हते. अठराव्या शतकात द सोस्यूर याने सांगितले होते की, तळाशी वितळलेल्या पाण्यावरून बर्फाचा हा प्रचंड गोळा उतारावरून घसरतो. १८४२ च्या सुमारास स्कॉटिश पदार्थवैज्ञानिक फोर्ब्स याने मेर द ग्लास या हिमनदीवर खुणा रोवून मोजमापे केली. मधला बर्फ काठाच्या बर्फाहून वेगाने जातो असे त्याला आढळले. त्यावरून, बर्फ घट्ट काकवीसारखा आतल्या आत वाहतो, असे मत त्याने मांडले. या दोन पक्षांत बरीच वर्षे कडाक्याचा वाद चालला. आज दोन्ही पक्ष अंशतः बरोबर ठरले आहेत. बर्फ आतल्या आत वाहतोही आणि तळावरून घसरतोही. किती वाहावयाचे आणि किती घसरावयाचे, हे मात्र बरेचसे खालच्या जमिनीवर ठरते. अंथरूण पाहून पाय पसरावे ही आपली म्हण हिमनदीने शब्दशः पाळली आहे.

हे अंथरूण गोठलेले असेल तर बर्फ खडकाला चिकटून बसतो. घसरणे जवळजवळ नाहीच. हिमनदी आपल्या अंगातल्या प्रवाहाने काय सरकेल तेवढेच. पण वरच्या बर्फाच्या दाबाने तळाशी बर्फाचा द्रवणांक किंचित उतरतो आणि पृथ्वीच्या पोटातील उष्णता खालून सतत वर येत असते. या दोहोंमुळे पुष्कळ हिमनद्यांच्या तळाशी पाण्याचा पातळ पडदा तयार होतो आणि मग घसरण सुरू होते. वाटेत खडकाचा उंचवटा आला म्हणजे काय होते? लहान उंचवट्याच्या पुढ्यात दाब वाढून बर्फ वितळतो, पाणी त्याला वळसा घालते आणि पाठीमागे दाब उतरताच पुन्हा गोठते. मोठ्या उंचवट्याला बर्फ वाकून, ताणून, वाहून ओलांडतो. सर्वात जास्त अडवतो तो मधल्या आकाराचा उंचवटा, कारण तो वितळून ओलांडावा तर मोठा आणि वाकून ओलांडावा तर लहान. हा हिशेब वीर्टमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५७ साली मांडला. तो वाचताना मला सरकारी कचेरीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. तेथेही शिपायाचे काम होते, सचिवांचे होते, अडते ते मधल्या टेबलावर! असो.

आता चांद्याकडे वळू. वाट मात्र ओरिसावरून जाते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते १८५१ साली टॉमस ओल्डहॅम यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. त्याचे पहिले मोठे काम कोळशाचा शोध हे होते. आगगाड्या येऊ घातल्या होत्या, त्यांना इंधन हवे होते. १८५६ च्या सुमारास कटकच्या वायव्येस तालचेर संस्थानातील कोळसाक्षेत्राची पाहणी करण्यास तीन तरुण माणसे पाठविण्यात आली. विल्यम ब्लॅनफर्ड, त्याचा धाकटा भाऊ हेन्री आणि विल्यम थिओबाल्ड. थोरला ब्लॅनफर्ड तेविसाव्या-चोविसाव्या वर्षात होता, धाकटा त्याहून दोन वर्षांनी लहान. कोळशाच्या थरांखाली त्यांना एक चमत्कारिक थर लागला. हिरवट, अगदी बारीक गाळाचा दगड आणि त्यात इकडेतिकडे रुतलेले प्रचंड धोंडे. सोयीसाठी त्याला धोंडेथर म्हणू. यातील कोडे असे की, वाहते पाणी नेहमी निवड करते. वेग असेल तेथे ते मोठे दगड टाकते, वेग ओसरेल तेथे वाळू आणि अगदी शांत जागी गाळ. जे पाणी माणसाएवढा धोंडा ढकलू शकते ते त्याच जागी पिठासारखा गाळ बसू देणार नाही. मग हे दोन्ही एकत्र आले कसे?

या तिघांनी आपल्या अहवालात उत्तर दिले की, हे काम बर्फाचे असावे. येथे थोडे थांबले पाहिजे. आल्प्सच्या हिमनद्या एके काळी दूरवर पसरल्या होत्या, हा आगासीचा विचार १८३७ साली मांडला गेला आणि त्याचा ग्रंथ १८४० साली निघाला. खुद्द युरोपात त्यावरील वाद शमलेला नव्हता. अशा वेळी विशीतील तीन कनिष्ठ अधिकारी विषुववृत्तापासून अवघ्या एकवीस अंशांवरील, जवळपास समुद्रसपाटीच्या, दमट आणि उष्ण मुलुखात बर्फ होते असे सरकारी अहवालात लिहितात! अर्थात त्यांनी सावधगिरीही बाळगली. पर्वतावरून उतरलेली हिमनदी असे न म्हणता नदीच्या वा सरोवराच्या तळाशी गोठणारे, दगड उचलून तरंगत नेणारे 'तळबर्फ' त्यांनी सुचविले. ज्याला आपले टिपण वरच्या अधिकाऱ्यापुढे ठेवावयाचे असते त्याला ही सावधगिरी समजेल. वरिष्ठानेही तो अहवाल दाबून न टाकता खात्याच्या संस्मरणिकांच्या पहिल्याच खंडात छापला, याचे श्रेय ओल्डहॅमला दिले पाहिजे.

धाकट्या ब्लॅनफर्डविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. हा गृहस्थ पुढे हवामानाकडे वळला. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले तेव्हा त्याचा पहिला प्रमुख तोच झाला. हिमालयात बर्फ जास्त पडले तर पुढचा पाऊस कमी होतो, हे अनुमान त्याने १८८४ साली प्रसिद्ध केले. त्याचे खाते कलकत्त्याहून सिमल्यास, सिमल्याहून १९२८ साली पुण्यास आणि तेथून १९४४ साली दिल्लीस आले. पुण्यातील 'सिमला ऑफिस'च्या चौकात सिमल्याचे काय आहे असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांना त्याचे उत्तर येथे मिळेल. ज्या माणसाने उमेदीच्या काळात ओरिसाच्या उन्हात नाहीशा झालेल्या बर्फाचा माग काढला, त्यानेच उतारवयाकडे झुकताना हिमालयातील जिवंत बर्फावरून पावसाचे भाकीत करू पाहिले, हा योगायोग मला फार आवडतो.

तालचेरच्या तर्कात एक उणीव होती. धोंडे सापडले होते, अंथरूण सापडले नव्हते. तरंगते बर्फ धोंडे आणून टाकू शकते, हे खरे. पण खालच्या खडकावर ते लांबच लांब, एकाच दिशेने जाणाऱ्या समांतर चरांची रांगोळी घालू शकत नाही. त्यासाठी शेकडो फूट जाडीच्या बर्फाचे ओझे आणि त्या बर्फाच्या बुडाशी पटाशीसारखे धरलेले दगड लागतात. असा तळ दाखविता आला तर वाद मिटण्यासारखा होता.

तो तळ चांद्याने दाखविला. वर्धा खोऱ्यातील कोळशाची पाहणी चालू असताना त्याच खात्यातील फ्रान्सिस फेडन याला चांद्याच्या पश्चिमेस, पैनगंगेकाठच्या इरई गावापाशी, धोंडेथराच्या खाली चुनखडीची फरशी उघडी पडलेली दिसली. (चंद्रपूर शहराजवळून वाहणारी इरई नदी निराळी, तिच्याशी घोटाळा होऊ नये.) ही चुनखडी तिच्यावरील धोंडेथराहून कितीतरी पुरातन. तिचा माथा घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर ओरखडे व चर उमटलेले होते. वरच्या थरातल्या दगडांवरही घासल्याच्या खुणा आणि रेघा होत्या. हत्यार आणि घाव दोन्ही एकाच जागी सापडावे, असा हा पुरावा. फेडनचा लेख १८७५ साली खात्याच्या वृत्तांत-पत्रिकेत आला. मौज अशी की, लेखाच्या शीर्षकात त्याने 'तळबर्फ' हाच जुना सावध शब्द ठेवला. पुरावा मात्र शब्दाच्या पुढे निघून गेला होता.

ही फरशी काय सांगते, हे आजच्या ज्ञानाने वाचता येते. ओरखडे आहेत, म्हणजे तळ गोठलेला नव्हता. गोठलेल्या तळावर बर्फ घसरत नाही आणि घसरल्यावाचून रेघ उमटत नाही. म्हणजे पैनगंगेच्या त्या प्राचीन हिमनदीखाली पाणी होते. शुद्ध बर्फ चुनखडीला ओरखडू शकत नाही, तितका तो कठीण नाही. तेव्हा त्याच्या बुडात चुनखडीहून कठीण दगड रोवलेले होते. तेच दगड एकीकडे खडक खोदत होते आणि दुसरीकडे घर्षणाने बर्फाला अडवतही होते. खोदलेल्या खडकाचे पीठ होते. गोमुखाला भागीरथीचे पाणी गढूळ राखाडी दिसते ते या पिठामुळेच. आमच्यापैकी ज्यांनी ती यात्रा केली आहे त्यांनी हिमनदीच्या चालू जात्याचे पीठ डोळ्यांनी पाहिले आहे. इरईला जाते थांबलेले आहे, पण खालची तळी पाहावयास मिळते. आणखी एक गोष्ट अशी की, ओरखडा फक्त रेषा सांगतो, त्या रेषेवरून बर्फ कोणीकडून कोणीकडे गेले ते एकटा ओरखडा सांगत नाही. त्यासाठी उंचवट्यांची बाजू पाहावी लागते. बर्फ ज्या अंगाने येते ते अंग घोटले जाते, मागील अंगाने दगडाचे तुकडे उपटले जातात.

हे काम कधीचे? कोळशाच्या थरांच्या लगेच आधीचे, म्हणजे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे. या सगळ्या थरमालिकेला मेडलिकॉट याने १८७२ साली 'गोंडवन' हे नाव दिले. चांदा ही गोंड राजांची राजधानी. तिचा परकोट आजही उभा आहे, आणि १७५१ साली ते राज्य नागपूरकर भोसल्यांकडे आले हे आपण इतिहासात वाचलेले आहे. त्या गोंड मुलुखाचे नाव १८८५ साली ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूस याने दक्षिणेकडील एका नष्ट महाखंडाला दिले. आज जगातील कोणत्याही भाषेतील भूविज्ञानाच्या पुस्तकात गोंडवन हा शब्द सापडतो. आपल्या जिल्ह्याचे नाव जगाने उचलले आहे, हे चांद्याच्या किती विद्यार्थ्यांना शिकविले जाते कोण जाणे!

दरम्यान असेच तळ इतरत्रही सापडत होते. दक्षिण ऑस्ट्रेलियात इन्मन नदीच्या खोऱ्यात सेल्विन याला १८५९ सालीच घासलेला खडक दिसला होता. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीजवळ तसे खडक आहेत. कोडे सुटण्याऐवजी अधिकच गुंतले. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया एवढ्या दूरवर, तेही आजच्या उष्ण कटिबंधाच्या आतबाहेर, एकाच काळी हिमनद्या कशा? काही ठिकाणी तर ओरखड्यांवरून पाहता बर्फ समुद्राकडून जमिनीवर चढल्यासारखे दिसे, जे अशक्य. १९१२ साली आल्फ्रेड वेगनर या हवामानशास्त्रज्ञाने खंडे सरकतात असे सांगितले आणि हे तुकडे दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र जुळवून दाखविले. जुळविलेल्या नकाशावर विस्कटलेले ओरखडे एका मोठ्या हिमस्तराच्या किरणांसारखे बाहेर पसरताना दिसू लागले. त्याची हेटाळणी पुष्कळ झाली. दक्षिण आफ्रिकेच्या द्यू तुआ याने १९३७ साली मोठा ग्रंथ लिहून त्याची बाजू मांडली, तरी युरोप-अमेरिकेतील बहुतेकांची मते साठीच्या दशकापर्यंत बदलली नाहीत. त्याच दशकात, १९६३ साली, ए. जे. स्मिथ यांनी इरईची फरशी आणि तिच्यावरील धोंडेथर पुन्हा तपासून हिमनदीच्या बाजूने लेख प्रसिद्ध केला. तरंगत्या बर्फाची शंका ज्यांना उरली होती त्यांना त्यात उत्तर होते.

इतके झाल्यावर हा विषय इतिहासजमा व्हावयास हरकत नव्हती. पण तसे झाले नाही. हिमनदीच्या अंथरुणाविषयीची समजूत पुढे अगदीच अनपेक्षित वळणाने गेली. वीर्टमनच्या हिशेबात तळ म्हणजे कठीण खडक, इरईच्या चुनखडीसारखा. परंतु पुष्कळ हिमनद्या खडकावर नव्हे, तर स्वतःच आणून टाकलेल्या गोटेमातीच्या गादीवर पसरलेल्या असतात. ही गादी पाण्याने भिजून लिबलिबीत झाली की बर्फ तिच्यावरून घसरते एवढेच नव्हे, तर ती गादी स्वतःच बर्फाखाली सरकू लागते. अंटार्क्टिकाच्या पश्चिम भागात सुमारे एक किलोमीटर जाडीचा एक हिमप्रवाह जवळजवळ सपाट उतारावरून वर्षाला शेकडो मीटर जातो. हे कसे, याचा उलगडा होत नव्हता. १९८६ साली भूकंपलहरींच्या साहाय्याने त्याखाली काही मीटर जाडीचा भिजलेल्या गोटेमातीचा थर असल्याचे दिसून आले. त्यानंतर गरम पाण्याने बर्फात भोक पाडून शास्त्रज्ञ तळापर्यंत पोचले. तेथे तशीच माती निघाली, आणि पाण्याचा दाब इतका की, वरचा सगळा बर्फ जणू पाण्याने तोलून धरला होता. शेजारचाच दुसरा हिमप्रवाह मात्र सुमारे दीडशे वर्षांपूर्वी जवळजवळ थांबला आहे. जमीन साधारण तशीच, पण तळाची वंगणव्यवस्था बिघडली. ब्लॅनफर्ड बंधू तालचेरला धोंडे मोजत होते त्याच काळाच्या आगेमागे हे घडले असावे.

उलट प्रकारही घडतो. तळात पाणी कोंडते, वाट फुटत नाही आणि मंद हिमनदी एकाएकी धावू लागते. काराकोरममधील कुटिया हिमनदी १९५३ साली तीन महिन्यांत बारा किलोमीटरांहून अधिक पुढे गेली, म्हणजे दिवसाला शंभर मीटरांहून अधिक. पिढ्यान्‌पिढ्या ज्या खोऱ्यात माणसे गुरे चारतात तेथे एका हंगामात असे घडते. खाली राहणाऱ्यांच्या दृष्टीने बर्फ किती आहे यापेक्षा ते कशावर बसले आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. आमच्या शेजारच्या विद्यापीठातील संशोधक २००२ पासून लाहौलमधील छोटा शिग्री हिमनदीची जमाखर्चाची वही लिहीत आले आहेत. किती बर्फ पडले, किती गेले, याची. अशी वही चिकाटीने लिहिणाऱ्यांविषयी मला, माझ्या पेशामुळे असेल, विशेष आदर आहे.

सर्वात मोठी चिंता अंटार्क्टिकातील थ्वेट्स हिमनदीची आहे. ती सर्व गेली तर जगभर समुद्र सुमारे ६५ सेंटीमीटर चढेल. मुंबईच्या माणसाला याचा अर्थ सांगावयास नको. तिचा तळ समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि आत आत जावे तसतसा अधिक खोल होत जातो. काठ मागे हटला की बर्फ अधिक जाड जागी उघडे पडते आणि अधिक वेगाने समुद्रात उतरते. ती किती वेगाने जाईल, हे तिचा तळ कोठे खडकाळ आहे आणि कोठे मऊ, यावर बरेच अवलंबून आहे. तो तळ मात्र बर्फाखाली झाकलेला. ध्वनिलहरी, रडार, एखाददुसरे भोक, एवढ्यावर अनुमाने बांधावी लागतात. म्हणून ज्या हिमनद्या नाहीशा झाल्या त्यांच्या उघड्या तळांना आज नव्याने मोल आले आहे. तेथे उंचवटे टेपने मोजता येतात, चरांची खोली बोटाने चाचपता येते.

आमच्या कचेरीत चांद्याकडचे एक सहकारी आहेत. वर्धा आणि पैनगंगा यांच्या संगमावर वढा येथे जत्रा भरते, तेथे ते लहानपणी आजोबांबरोबर बैलगाडीतून जात. इरईच्या फरशीचे त्यांनी कधी ऐकले नव्हते. सर्व ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नदीचे पाणी कधी उतरते?" मी म्हटले, उन्हाळ्यात. त्यांनी तेथल्या तेथे रजेचा हिशेब केला. गावी जाण्याची प्रवास सवलत या वर्षी त्यांची शिल्लक आहे. एप्रिलच्या अखेरीस आम्ही दोघे निघणार आहोत. टोपी आणि पाण्याची सुरई बरोबर घ्या, असे त्यांनी मला दोनदा बजावले आहे.